हलक्या गाडीला जड इंजिन

गाडीचं इंजिन बदलणं म्हणजे बल्ब बदलणं, असं बऱ्याच लोकांना वाटतं. जुना काढला, नवा फिरवून बसवला, बटण दाबलं की उजेड. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभं राहून विचारायचं, "उद्या संध्याकाळपर्यंत होईल ना, भाऊ?" मी म्हणायचो, "होईल की. फक्त संध्याकाळ कुठल्या महिन्यातली, ते विचारू नका."

माझं गॅरेज धुळ्याला, पारोळा रोडवर. आता ते पुतण्या चालवतो आणि मी खुर्ची टाकून त्याच्या कामात नाक खुपसतो. मूळचा मी जळगावजवळच्या असोद्याचा. घरी केळी, कापूस आणि विहिरीवर एक ऑइल इंजिन. ते मी शाळेत असताना पहिल्यांदा उघडलं, आत काय आहे एवढंच बघायला. उघडलं, पण पुन्हा जोडता आलं नाही. वडिलांनी आधी मला बदडलं आणि मग जळगावहून मिस्तरी आणला. त्या मिस्तरीच्या शेजारी मी दिवसभर उकिडवा बसून होतो. पुढचं सगळं आयुष्य त्याच बैठकीत गेलं म्हणा ना.

एके काळी आमच्या खानदेशात पेट्रोलची जुनी जीप घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं, हा मोठा धंदा होता. त्या जीपा पुढे काळ्या-पिवळ्या होऊन गावोगावची माणसं वाहायच्या. फैजपूरच्या एका केळीवाल्या नानांनी तर माझ्याकडून जीपमध्ये चक्क विहिरीवरचं इंजिन बसवून घेतलं. मी म्हटलं, "नाना, बैलगाडीच्या चालीनं जाईल ही." नाना म्हणाले, "मले कुठं विमान गाठायचंय? मळ्यातून रस्त्यापर्यंत घड आणायचेत." बसवून दिलं. पुढे गावात कुणाचं लग्न असलं की वरातीला नानांची जीप हमखास मागायचे, कारण बॅंडवाल्यांच्या पुढे न पळणारी पंचक्रोशीत ती एकच गाडी होती.

या धंद्यात माझी एक पद्धत होती. इंजिन बसवून झालं की जीपच्या मागे सरकीची पोती टाकायची आणि मगच चाचणी घ्यायची. सरकी म्हणजे कापसाचं बी, आमच्याकडे ते कुठंही मिळतं. कारण साधं आहे. आमच्याकडे रिकामी जीप चालवतो कोण? आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर दोन आणि त्यातल्या एकाच्या मांडीवर कोंबड्या. रिकाम्या जीपवर ब्रेक आणि स्प्रिंग जुळवले तर भरल्या जीपला ते पुरत नाहीत. हे मला माझ्या वस्तादांनी शिकवलं, मी तीस वर्षं पाळलं, आणि मिस्तरीचे ब्रेक चांगले असतात असं माझं नावही झालं. त्या नावाचा मला थोडा माज होता, हेही इथेच सांगून टाकतो.

अमळनेरचे नेमीशेठ ते नाव ऐकूनच माझ्याकडे आले. घराणं राजस्थानातून आलेलं, कापसाच्या व्यापारात पिढ्या गेलेल्या. शेठ तेव्हा बहात्तर वर्षांचे, पांढरा लेंगा-सदरा, बारीक अंगाचे, बोलणं हळू. धंदा मोठा मुलगा प्रवीण बघायचा. शेठचा स्वतःचा असा एकच शौक, आणि तो टेम्पोवर घालून आणला होता.

टेम्पोवरची ताडपत्री काढली. विलायती बनावटीची, दोन सीटची, वरून उघडी गाडी. इतकी बुटकी, की उभ्यानं तिच्या दारावर हात ठेवायचा तर वाकावं लागे. पत्रा पातळ, अंग हलकं. चौघांनी धरली असती तर मागची बाजू उचलली गेली असती. खरं तर आम्ही ती उचलून बघितलीच. माझ्याकडे बळीराम नावाचा वेल्डर होता, माझ्याच वयाचा, शिंदखेड्याकडचा, घरची अहिराणी सोडून दुसरं काही न बोलणारा. तो गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "भाऊ, हाई गाडी शे का पोरेस्नं खेळनं?"

शेठनी ती तरुणपणी मुंबईहून घेतली होती. तिचं मूळचं छोटं इंजिन फुटलं होतं, भाग मिळत नव्हते. त्यांना तिच्यात मोठं इंजिन हवं होतं, आणि कारण विचारलं तर म्हणाले, "मिस्तरी, चाळीस वर्षं झाली. ही गाडी लळिंगचा घाट कधी न थांबता चढली नाही. दर वेळी निम्म्यावर पाणी उकळतं. मी आणि बायको रस्त्याच्या कडेला बसून राहतो, आणि ट्रकवाले हात हलवत पुढे जातात. एकदा तरी मला न थांबता वर जायचंय."

धुळ्याच्या बाहेर, आग्रा रोडवरचा हा लळिंगचा घाट. आता रस्ता रुंद झाला, फार मोठा चढ वाटत नाही. पण शेठना तो वाटत होता. मला ते कारण आवडलं. "मोठं इंजिन का?" असं विचारल्यावर लोक सहसा "जास्त पळेल" एवढंच सांगतात.

इंजिन मिळालं एका भंगारात निघालेल्या देशी गाडीचं. अठराशे सीसी, बिडाचं म्हणून जड, गिअरबॉक्ससकट. सरकारी परवानगीचं काम शेठनी स्वतः केलं, कारण इंजिन बदललं की कागदावर नंबर बदलावा लागतो आणि मंजुरी लागते. तोवर आम्ही मापं घेत बसलो. हेच खरं काम. इंजिन बसवायला जागा लागते, पण फक्त इंजिनापुरती नाही. पंखा फिरायला हवा, स्टेअरिंगचा दांडा मधून जायला हवा, खाली तेलाची टाकी रस्त्याला घासता कामा नये, वर बॉनेट बंद व्हायला हवं. मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट कापून लहान करावा लागतो, आणि तो केसभर वाकडा झाला तर गाडी दाढदुखी झाल्यासारखी थरथरते.

बळीरामनं इंजिनाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "इतलं मोठं इंजिन याना पोटम्हा कसं मावी?"

बॉनेट आणि इंजिन यांच्यात किती जागा राहते हे डोळ्यांनी दिसत नाही, कारण बॉनेट बंद केलं की आत बघणार कोण? त्याला माझी घरगुती युक्ती होती. बायकोकडून भाकरीच्या पिठाचा घट्ट मळलेला गोळा आणायचा, त्याच्या लिंबाएवढ्या गोळ्या इंजिनावर जागोजागी ठेवायच्या, बॉनेट हलकेच लावायचं आणि उघडायचं. जिथं गोळी चपटी झाली तिथं अडतंय. ती किती चपटी झाली ते मोजलं की किती अडतंय तेही कळतं. बायको विचारायची, "आज किती माणसं जेवायला?" मी म्हणायचो, "आज इंजिनाचं जेवण आहे, कळण्याचं पीठ दे." कळण्याचं पीठ ज्वारीत दळलेल्या उडदामुळे चिकट असतं, जागेवरून हलत नाही. हा शोध माझा, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत मी जितका खूश होतो तितका जीपांच्या धंद्यात कधी झालो नाही. जीपमध्ये चार इंच इकडे-तिकडे चालतात. इथे अर्धा इंच चुकला तर बॉनेट लागत नव्हतं. रोज काहीतरी नवं कळायचं. हलक्या गाडीत प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला धक्का देते, हे मी त्या वयात शिकलो. म्हणजे शिकलो असं मला वाटलं.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी शेठ आले होते. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी चाचणी घेतली. सवयीप्रमाणे मागे सरकीचं एक पोतं टाकलं. गाडी लहान म्हणून दोनाच्या ऐवजी एक, एवढाच विचार मी केला. गाडी काय धावली म्हणून सांगू. पण ब्रेक दाबल्यावर मागची चाकं हवा तेवढा हातभार लावत नाहीत असं वाटलं, म्हणून मागच्या ब्रेकला मोठा, जास्त जोरानं दाबणारा सिलिंडर बसवला. पुन्हा चाचणी, पुन्हा पोतं. आता गाडी चारही पायांवर बसल्यासारखी थांबली. मी समाधानानं पोतं काढलं, गाडी धुतली आणि शेठना निरोप पाठवला.

शेठ एकटेच आले, किल्ली घेतली आणि अमळनेरला निघाले. तासाभरात प्रवीणचा फोन. एका वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला, शेठनी ब्रेक मारला, गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरली आणि उलट्या तोंडानं कपाशीच्या शेतात जाऊन पडली. शेठच्या मनगटाला मुका मार आणि कपाळावर खोक. मेंढ्या सगळ्या शाबूत.

प्रवीण गाडी टेम्पोवर घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "बाबूजींचा पाय चुकला. ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला असणार. एवढं मोठं इंजिन, आणि हे वय. आता आम्ही त्यांना कुठलीच गाडी चालवू देणार नाही. तुम्ही पत्रा सरळ करा, विकून टाकतो."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय झालं की अंदाज चुकतो, प्रवीणभाऊ." माझ्या तोंडून हे वाक्य गेलं. इतक्या सहज गेलं, की त्याची मला अजून लाज वाटते.

पण माझी खोड काही गप्प बसू देईना. पाय ॲक्सिलरेटरवर असता तर गाडी पुढे जायला हवी होती. ती फिरली का? दोन दिवसांनी मी मोटरसायकल काढली आणि त्या वळणावर गेलो. डांबरावर खुणा होत्या. काळे ठळक पट्टे, मागच्या चाकांचे. आधी सरळ आणि मग कोयत्याच्या पात्यासारखे वळलेले. पुढच्या चाकांची खूण नावालासुद्धा नाही. म्हणजे शेठनी ब्रेकच दाबला होता, वेळेवर आणि पुरेसा दाबला होता. पण मागची चाकं पुढच्यांच्या आधी जागच्या जागी जाम झाली होती. ज्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात ती सरळ राहत नाही, शेपूट पुढे यायला बघते. हे पोरासोरालाही ठाऊक असतं. प्रश्न एवढाच, की जाम का झाली?

ओळखीच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या वखारीत गाडी नेली. तिथे गाठोडी तोलायचे चार सपाट काटे होते. चार चाकांखाली चार काटे ठेवले, प्रत्येक चाकाचं वजन वेगवेगळं लिहिलं. मग सरकीचं पोतं मागे ठेवलं आणि पुन्हा लिहिलं. जीपमध्ये पोतं म्हणजे जेवणातलं मीठ. या गाडीत मात्र पोत्यानं मागच्या चाकांचं वजन सहाव्या हिश्श्यानं वाढलं होतं. जड इंजिनानं नाक आधीच खाली गेलेलं, मागची बाजू आधीच हलकी झालेली. मी पोतं ठेवून ब्रेक जुळवले होते आणि पोतं काढून गाडी हातात दिली होती. नेमीशेठची गाडी काळी-पिवळी नव्हती. तिच्या मागे कुणी बसणार नव्हतं, कुणी लटकणार नव्हतं. ती जन्मभर रिकामीच चालणार होती, आणि मी ती भरलेली धरून चाललो होतो.

कागद हातात घेऊन मी काट्यावरच बसलो. बळीराम शेजारी होता. त्याला आकडे वाचता येत नव्हते, पण माझं तोंड वाचता आलं. म्हणाला, "सांगी टाक, भाऊ. पोटम्हा ठेईसन काय करशी?"

मी सांगितलं नाही.

एकवीस दिवस सांगितलं नाही. काम खूप होतं वगैरे कारणं आता इथं देत नाही. मी घाबरलो होतो. मिस्तरीचे ब्रेक चांगले, हे माझं नाव धुळ्यापासून जळगावपर्यंत होतं आणि मला ते घालवायचं नव्हतं. मी मनाशी ठरवलं की गुपचूप दुरुस्त करू. इंजिन चार बोटं मागे सरकवलं. बॅटरी उचलून मागच्या डिकीत नेली. मागच्या ब्रेकला जुना, छोटा सिलिंडर पुन्हा लावला. पोतं न ठेवता दहा वेळा चाचणी घेतली. मुद्दाम जोरात ब्रेक मारले, ओल्या रस्त्यावर मारले, वळणावर मारले. गाडी दर वेळी सरळ थांबली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या एकवीस दिवसांत केलं, आणि त्यातला एक दिवसही मला जेवण गोड लागलं नाही.

मग प्रवीणचा फोन आला, की पुण्याचं गिऱ्हाईक रविवारी गाडी न्यायला येतंय. बाबूजी त्याआधी एकदा गाडी बघायचं म्हणतात, त्यांना घेऊन येतो.

शेठ मुलाच्या मोठ्या गाडीतून उतरले. उतरताना त्यांनी दाराचा आधार घेतला. महिन्यापूर्वी घेत नव्हते. कपाळावरची खूण भरत आली होती. ते आपल्या छोट्या गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवला, पण आत बसले नाहीत. प्रवीण म्हणाला, "बसा ना बाबूजी, बसायला काय हरकत आहे?" तर म्हणाले, "नको. उगाच कशाला." मग माझ्याजवळ आले आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "मिस्तरी, तुम्हाला यातलं कळतं. माझा पाय चुकलाच असेल ना? मी रोज आठवून बघतो. मला तर ब्रेकच आठवतो. पण म्हाताऱ्या माणसाला काय, काहीही आठवतं."

मी म्हणालो, "शेठ, तुमचा पाय चुकला नाही. चूक माझी आहे." आणि प्रवीणला जवळ बोलावून सगळं सांगितलं. पोतं, मोठा सिलिंडर, रस्त्यावरचे पट्टे, वखारीतले काटे. कागद काढून दाखवला. कागदावर तारीख होती, तीही लपवली नाही.

प्रवीण लाल झाला. "म्हणजे तुमच्यामुळे बाबूजी गेले असते."

"हो."

"आणि तुम्हीच मला म्हणालात, वय झालं की अंदाज चुकतो."

"हो, मीच म्हणालो."

तो आणखी बरंच बोलला. मी ऐकून घेतलं, त्यात खोटं काही नव्हतं. शेठ मात्र कागदाकडे बघत होते. जन्मभर काट्यावरचे आकडे वाचलेला माणूस, त्यांना दोन रकाने लगेच कळले. मग त्यांचा अंगठा तारखेवर थांबला. बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं.

"एकवीस दिवस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "एकवीस दिवस मी स्वतःला म्हातारा समजत होतो, मिस्तरी."

खुंटीवरून गाडीची किल्ली काढून मी प्रवीणच्या हातात दिली.

शेठनी मुलापुढे हात केला. प्रवीणनं किल्ली दिली. शेठ गाडीत बसले, आरसा नीट केला आणि एकटेच बाहेर पडले. आम्ही तिघं, मी, प्रवीण आणि बळीराम, रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ते लांबवर गेले, वळले, आमच्या दिशेनं वेगात आले आणि बरोबर आमच्यासमोर त्यांनी पूर्ण जोरानं ब्रेक मारला. गाडी रेघेसारखी सरळ थांबली. शेठचा श्वास जोरात चालला होता. मी हात जोडले. त्यांनीही जोडले, रीत म्हणून. मग मुलाला म्हणाले, "पुण्याला फोन कर, गाडी विकायची नाही," आणि अमळनेरच्या रस्त्याला लागले. प्रवीण त्यांच्या मागे मोठी गाडी घेऊन गेला.

ती गाडी पुन्हा माझ्याकडे आली नाही. तेल बदलायलाही नाही. मी दोनदा निरोप पाठवला, की सर्व्हिसिंग राहिलंय, माझ्याकडून करून देतो. "शेठ बाहेरगावी आहेत" असं उत्तर आलं. पुढे कळलं की ते जळगावला कुणाकडे तरी नेतात. त्यांचं बरोबरच होतं. पोत्याची चूक कदाचित त्यांनी माफ केलीही असेल. एकवीस दिवसांना मात्र माफी नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिली नसती.

मागच्या हिवाळ्यात मी कामानं लळिंगला गेलो होतो. घाटाच्या पायथ्याशी टपरीवर चहा घेत उभा होतो. धुळ्याकडून एक आवाज आला आणि कप तोंडाशीच राहिला. छोटी उघडी गाडी माझ्या पुढून गेली. नेमीशेठ चालवत होते, शेजारी त्यांच्या पत्नी, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून हसत होत्या. शेठनी टपरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असेल तर दाखवलं नाही. गाडी चढाला लागली, एका ट्रकला मागे टाकून वर गेली, कुठं थांबली नाही. दिसेनाशी झाल्यावरही मी आवाज ऐकत राहिलो. गिअर बदलून जोर दिला की तिला एक बारीक ठसका लागत होता, कार्बोरेटरचं पेट्रोल किंचित कमी पडत होतं. जळगाववाल्याच्या लक्षात आलं नसावं. दहा मिनिटांचं काम होतं.